चंद्रीच्या तोंडातली दाढ

काशीआत्या गेली हा निरोप मला नरसीच्या बाजारात मिळाला. महिना झाला त्याला. बाजार अर्धाच भरलेला, मी बैलांसाठी वेसणी बघत उभा होतो. भावकीतल्या एकानं गाठून सांगितलं... आणि खोटं कशाला बोलू, रडू यायच्या आधी मनात आलं, आता चंद्रीच्या तोंडात हात कोण घालणार?

चंद्री माझी धाकटी बहीण. जन्मापासून बोलत नाही, समज दोन वर्षांच्या लेकराची. कुणी तिला येडी म्हटलं की आत्या त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. वडिलांची ही थोरली बहीण विधवा होऊन साखऱ्याला माहेरी आलेली, जिभेची तिखट. चंद्री सात वर्षांची असताना आत्या काही दिवस दिराकडं गेली होती, आणि नेमकं तेव्हाच चंद्रीनं खाणं सोडलं. गाल भिंतीवर आपटायची, स्वतःचीच मनगटं चावायची. घरानं ठरवून टाकलं, बाहेरचं आहे. गाल सुजला तसा गावातला एक जाणता आला आणि गालावर बिब्याचा डाग द्यायचा म्हणाला. मी चौदाचा. वडील म्हणाले, "हात धर रे तिचे." मी धरले, चांगले घट्ट धरले. ती माझ्याकडंच बघत होती... तिला एवढं ओरडता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

आत्या परतली, गाल बघितला आणि कडाडली, "तोंड उघडून पाह्यलं का कोनी?" कुणीच पाहिलं नव्हतं! अंगारा झाला, बिबा झाला, पण तोंडात डोकवायचं कुणाला सुचलं नाही. आत्यानं जबरदस्ती केली नाही. चंद्रीपुढं बसली आणि आधी स्वतःच तोंड उघडलं. "घाल बोट. पाह्य माजे दात." चंद्रीनं बोटं घालून ओढलं, ओरबाडलं, आत्यानं हूं की चूं केलं नाही. तिसऱ्या दिवशी चंद्रीनं आपणहून आ केला. मागची दुधाची दाढ किडून काळी पडलेली, हिरडीत पू. आत्यानं बोटाला फडकं गुंडाळून ती हलवत हलवत काढली. चंद्रीनं चावून रक्त काढलं, तरी हात मागं घेतला नाही. संध्याकाळी पोरगी ताक-कण्या जेवली.

मग तांड्यावरून, वाड्यांवरून लोक अशी लेकरं घेऊन येऊ लागले. "आदी त्याला माजं तोंड पाहू द्या," आत्या म्हणायची, "मंग मी त्याचं पाहीन." चंद्रीचे दात ती रोज सकाळी मीठ-तेलानं घासायची. मला मात्र चंद्री गालाला बोटही लावू देत नसे. एकदा मी आत्याला कारण विचारलं.

"तूच धरलं व्हतं न्हाई का तिला? काहून लावू देईल?" मग आवाज उतरवून म्हणाली, "तिच्यापुढं तोंड उघडून बस बाबा. लागतील तेवढी वर्सं."

मी बसलो नाही. मिसरूड फुटलेल्या गड्यानं असं आ करून बसायचं? लाज वाटली. आणि आत्या होती की!

आता चंद्रीनं पुन्हा खाणं सोडलंय. गाल सुजलाय. सकाळी आत्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसते, रिकाम्या खोलीकडं तोंड उघडून... काल मी तिच्यापुढं बसलो आणि आ केला. तिनं माझ्याकडं पाहिलं, तोंड मिटलं आणि दोन्ही हात पाठीमागं लपवले.