कूलरखालची फरशी

आमच्या हॉलमधली फरशी मी खराब केली.

वाक्य एवढंच आहे. पण ते मी कधी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. घरात नाही, मित्रांत नाही, एकट्यानं मोठ्यानं बोलतानासुद्धा नाही. तुम्ही म्हणाल, फरशीचं काय एवढं? खरं आहे. फरशी दुरुस्त होते. या उन्हाळ्यात मीच ती गुडघ्यांवर बसून दुरुस्त केली. आणि घासता घासता लक्षात आलं, की मला जे सांगायचंय ते फरशीबद्दल नाहीच. तरी सुरुवात तिथूनच करतो. दुसरीकडून कशी करायची, मला सुचत नाही.

धरमपेठेतलं घर नव्यानं करून घेतलं तेव्हा हॉलमधला दगड माझ्या बायकोनं, सुजातानं, निवडला होता. ट्रॅव्हर्टाईन. सायीच्या रंगाचा, मधूनमधून मातकट रेघा. या दगडाला मुळातच बारीक भोकं असतात, धिरड्याला जाळी पडते तशी. ती भरून, घासून, वर पॉलिश करतात. दुकानदारानं बजावून सांगितलं होतं, की नुसत्या पाण्यानं पुसा, ॲसिड जवळ आणू नका, लिंबूसुद्धा सांडू देऊ नका. घरी येताना सुजातानं विचारलं, असं का? मीच तिला समजावलं. हा दगड म्हणजे शेवटी चुनाच, आंबट काही पडलं की विरघळतो. मी कोराडीच्या वीजकेंद्रात केमिस्ट आहे. बॉयलरच्या नळ्यांत क्षार साचू नयेत म्हणून पाणी तपासत राहणं हे माझं काम. साचलेच तर ते ॲसिडनं कसे काढायचे, हेही माझंच काम. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

सासरे गेल्यावर सुजाताची आई आमच्याकडे राहायला आली. मी त्यांना आईच म्हणतो. उंच, सडसडीत, तोंडानं फटकळ बाई. आल्या त्या दिवशीच हॉलच्या उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "काहो जवाईबापू, हिच्यावर चालाचं का हिले नुसतं पाहत बसाचं?" पुढं कितीतरी दिवस त्या हॉलला 'महाल' म्हणायच्या. महालात चहा आणू का? महालात कोण आलं? मला त्या आवडायच्या. हेही सांगून ठेवायला हवं. मनात काही राग असता तर निदान पुढचं समजलं तरी असतं. राग नव्हता.

काही वर्षांपूर्वीचा तो मे महिना. सुजाता मुलीकडे पुण्याला गेली होती. घरात मी आणि आई. खिडकीतला कूलर दिवसभर चालू, आणि त्याच्या टाकीतून थेंब थेंब पाणी भिंतीवरून खाली. आमचं बोअरचं पाणी किती जड आहे ते नागपुरात राहणाऱ्याला सांगायला नको. कूलरची जाळी एका उन्हाळ्यात पांढरी होते. खिडकीखालच्या फरशीवरही तसाच खडबडीत पांढरा थर धरला होता. सुजाता यायच्या आत तो काढायचा, असं मी ठरवलं. आणि तेच करायला गेलो जे दर उन्हाळ्याच्या शेवटी कूलरच्या टाकीला करतो, जे आमच्या गल्लीत सगळेच करतात. बाथरूममधली ॲसिडची बाटली आणली आणि ओतली.

का? फरशी काय आहे ते मला माहीत होतं ना? होतं. पण त्या क्षणी मला फक्त क्षार दिसला. इतकी वर्षं क्षार दिसला की हात एकाच गोष्टीकडे जातो. फेस आला. आणि — हे लिहायला लाज वाटते — फेस पाहून मला बरं वाटलं. फेस म्हणजे क्षार सुटतोय. मग थर संपला आणि फेस थांबेना. तेव्हा कळलं, की आता दगड जातोय.

बादल्याच्या बादल्या पाणी ओतलं. वाळल्यावर पाहिलं, तर खिडकीखाली दोन पावलांएवढा पट्टा पांढुरका, मेलेला. भोकांतलं भरण निघून आलं होतं. हात फिरवला तर बोटांना खरखर लागली. आई आतल्या खोलीत दुपारच्या झोपलेल्या. मी बाटली धुऊन जागेवर ठेवली आणि त्या पट्ट्यावर सतरंजी सरकवली. आमच्या लॅबमधली नवी पोरं मला विचारून ॲसिडची मात्रा ठरवतात. मी, या माणसानं, स्वतःच्या घरात चुन्याच्या दगडावर ॲसिड ओतलं! हसतील, असं वाटलं. बास, एवढंच. एवढ्यासाठी.

त्याच आठवड्यात आईंनी लोणच्याच्या कैऱ्या चिरल्या होत्या. मीठ-हळद लावून पाणी काढलं आणि फोडी पंख्याखाली सुकत घातल्या. हॉलमध्येच, पण स्वयंपाकघराच्या दाराजवळ, खिडकीपासून लांब. खाली जाड प्लास्टिक, त्यावर जुनं धोतर. मी सोफ्यावरूनच विचारलं होतं, की एवढं प्लास्टिक कशाला? तर म्हणाल्या, "त्या दुकानवाल्यानं लिंबू नाही म्हटलं ना? मंग कैरी तं लिंबाची मोठी बहीण झाली." मी हसलो होतो. म्हणजे मी पाहिलं होतं. ऐकलं होतं. विसरलो असंही मला म्हणता येत नाही.

सुजाता आली, सतरंजी उचलली. "हे काय झालं?"

आणि मी म्हणालो, "आईंनी कैऱ्या सुकत घातल्या होत्या ना. पाणी सुटलं असेल."

इतकं सहज. आधी ठरवलंही नव्हतं. की ठरवलं होतं? सतरंजी सरकवली तेव्हाच ठरलं असेल का? ते मी अजून स्वतःला विचारतो.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता भांडतील. भांडायला त्या कधी कमी नव्हत्या. पण त्या पट्ट्याकडे पाहत राहिल्या. "मी तं इथं दाराजवळ ठेवल्या होत्या," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीची घडी घालू लागलो. "का तिकडं ठेवल्या? ध्यानातच नाही राह्यलं बाई."

तिथं मी बोलू शकलो असतो. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "असू द्या आई. वय झालं की होतं असं."

माझा खरा गुन्हा हा आहे. ॲसिड नाही, कैऱ्यांचं खोटंसुद्धा नाही. तुम्हाला कळतंय ना? मी त्यांना माफ केलं. जे त्यांनी केलंच नव्हतं त्याबद्दल मोठ्या मनानं माफ केलं, आणि एका धडधाकट बाईच्या हातात तिच्याच डोक्याबद्दलचा संशय ठेवून दिला.

पुढचं सगळं फार हळू झालं. सुजाता आईवर लक्ष ठेवू लागली, प्रेमानंच. गॅस बंद केलास का? गोळी घेतलीस का? चावी कुठं ठेवलीस? जी बाई आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तू शोधून द्यायची ती आता उत्तर देण्याआधी एक क्षण थांबायची. मग स्वतःच विचारू लागली. सुजाताला विचारायची नाही, लेकीला काळजी वाटेल म्हणून. मला विचारायची. "जवाईबापू, मी मघाशी नळ बंद केला का?" आणि मी सांगायचो, हो आई, केला. अगदी प्रामाणिकपणे सांगायचो.

त्या हॉलमध्ये बसेनाशा झाल्या. भिंतीच्या कडेनं जायच्या. 'महाल' म्हणणं थांबलं. पुढच्या मे महिन्यात कैऱ्या आल्याच नाहीत. सुजातानं त्यांना डॉक्टरकडे नेलं. सोबत मी होतो, गाडी मीच चालवत होतो. डॉक्टरांनी विचारलं, केव्हापासून विसरतात? सुजातानं फरशीची गोष्ट सांगितली. मी शेजारच्या खुर्चीत बसून होतो. डॉक्टरांनी सोपे प्रश्न विचारले, वार कोणता, महिना कोणता, आणि आईंनी बरोबर उत्तरं दिली. पण प्रत्येक उत्तरानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बरोबर आहे ना, अशा नजरेनं.

रविवारी आम्ही तिघं विहारात जायचो. पंचशील म्हणताना आई पुढं बायकांत बसायच्या, मी मागं. चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज कधी अडखळला नाही. अडखळायला हवा होता, असं लिहायचा मोह होतोय. नाही अडखळला. माणसाला सवय होते.

मग एक दिवस त्या कामठीला गेल्या, मिलिंदकडे, म्हणजे त्यांच्या मुलाकडे. छोटं घर, शेजारी विणकरांच्या मागांची खडखड. सुजातानं खूप अडवलं. आई फक्त एवढं म्हणाल्या, "तिथं खाली कोबा आहे वं सुजा. काही सांडलं तं सांडलं." सुजाता रडली. मी त्यांची बॅग उचलून गाडीत ठेवली.

या उन्हाळ्यात मी रजा घेतली आणि फरशीला हात घातला. कारागीर बोलावला नाही. का, ते नीट सांगता येत नाही. प्रायश्चित्त वगैरे मोठे शब्द आहेत, मला ते शोभत नाहीत. ब्रशनं एकेक भोक कोरून साफ केलं. सुकू दिलं. दगडाच्या रंगाचं भरण कालवून पात्यानं दाबून बसवलं, वरचं खरडून काढलं. दुसऱ्या दिवशी ते वाळून खाली बसलं, पुन्हा भरलं. मग पाणी टाकत घासायचं, आधी जाड दाण्याची चकती, मग बारीक, मग त्याहून बारीक. पाठ मोडते. गुडघे जागेवर राहत नाहीत. आणि एवढं करून तो पट्टा इतका चांगला झाला, की बाकीचा हॉल जुना दिसू लागला. म्हणून मग सगळाच हॉल घासायला घेतला. सरकत सरकत स्वयंपाकघराच्या दाराशी आलो. तिथं फरशी अजून गुळगुळीत होती. तिला कधी काही झालंच नव्हतं. मी चकती बाजूला ठेवली आणि कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. दमलो होतो. घासून दमलो नव्हतो.

सुजातानं फरशी पाहिली आणि लगेच आईला फोन लावला. ये आता, बघ, यांनी अगदी नवी केली, कळतसुद्धा नाही. फोन स्पीकरवर होता. पलीकडून आई म्हणाल्या, "नको बाई. माह्या हातानं पुन्हा काही झालं तं?"

सुजातानं फोन ठेवला. मी तिथंच, ओल्या फरशीवर उभ्यानं, तिला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. वाकून खिडकीखालच्या फरशीवरून हात फिरवला. मग तिनं एवढंच विचारलं, "ती दाराजवळ म्हणाली होती. तुला तेव्हा माहीत होतं?"

मी हो म्हणालो. ती आत गेली. अजून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

दुसऱ्या दिवशी एकटाच कामठीला गेलो. मिलिंद कामावर होता. आई दारात बसून भाजी निवडत होत्या. बारीक झाल्या होत्या. मला पाहून उठू लागल्या, मी बसा म्हणालो आणि समोर कोब्यावर बसलो. त्या म्हणाल्या, "खाली काहून बसता जवाईबापू, खुर्ची घ्या ना." मी खालीच बसलो. सांगितलं. बाटली, फेस, सतरंजी, सगळं क्रमानं.

त्यांचा हात भाजीत थांबला. चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही. खरं सांगायचं तर आता त्या खरंच काही गोष्टी विसरतात. मिलिंदची बायकोही तसं म्हणते. ते वयानं असेल. की इतकी वर्षं स्वतःवर विश्वास न ठेवल्यानं? हे मला कुठलाच डॉक्टर सांगणार नाही, आणि मी विचारणारही नाही.

"मंग तुम्ही मले दवाखान्यात काहून नेलं?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. खरंच कळत नसल्यासारखं विचारलं. "तुमाले तं माहीत होतं."

वाटेत मनाशी जुळवलेलं सगळं बोलणं गेलं. राहिलं तेवढंच बोललो.

"फरशी मी खराब केली, आई. तुम्ही काही विसरल्या नव्हत्या. मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो, आणि तुम्हाला ते खरं वाटू दिलं. माझी चूक आहे ही. सगळी माझीच आहे."