एका बारीले नऊ

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावची माणसं जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारतात. त्याला गोटमार म्हणतात, आणि डोकं फुटलं तरी ती परंपरा असते. वर्षाचे उरलेले दिवस मी त्याच नदीत चपटे दगड भिरकावायची. त्यानं कुणाला साधं खरचटतही नव्हतं, पण ते मुलीच्या जातीला शोभत नाही, असं अख्ख्या गल्लीचं मत होतं. दगड पाण्यावर टप्पे घेत जातो, त्या टप्प्यांना आम्ही भाकरी म्हणायचो. माझ्या एका दगडाच्या नऊ भाकरी पडत. चुलीवरची मात्र एकही धड उतरत नसे. थापली की काठाला चिरा, उचलली की दोन तुकडे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सौंसरहून पाहुणे मला बघायला आले. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि लग्न कुठंही करा, पण परीक्षा देणारच, हा माझा हट्ट होता. आईनं पढवून ठेवलं होतं, छंद विचारला तर विणकाम सांग. मुलानं छंद विचारला, मी विणकाम सांगितलं. सुया कशा धरतात ते देवाला ठाऊक. तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी विचारलं, "काय वो बाई, एका बारीले किती भाकरी टाकतं?"

एका बारीले, म्हणजे एका खेपेत! माझी कीर्ती सौंसरपर्यंत पोचली होती तर! आता लपवून काय उपयोग? आणि खरं सांगते, जरा अभिमानही वाटला.

"नऊ," मी म्हणाले. "कधी कधी दहाही."

पाहुणे खूश. आई छताकडे पाहू लागली. "एवढा हात चालते पोरीचा," मुलाची आई म्हणाली, "तर देऊ दे बापा परीक्षा." नऊ भाकरींवर माझी बी.ए. मंजूर झाली आणि लग्नही ठरलं. घोटाळा काय झाला, ते पाहुणे गेल्यावर आईनं सांगितलं. "खरं कळवायचं का?" मी विचारलं. "गप बस," आई म्हणाली, "शिकशील हळूहळू."

कसली शिकते! लग्नानंतर चौथ्या दिवशी माझी भाकर मामाजींच्या ताटात दोन तुकड्यांत पडली. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. त्यांनी दोन्ही तुकडे जोडून पाहिले.

"हे नवातली कोणती?"

मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. नवरा हसला, मग बापाची नजर पाहून थांबला.

"खोटं बोलून आली पोट्टी," मामाजी म्हणाले. "परीक्षा-गिरीक्षा बंद."

परीक्षा दोन महिन्यांवर होती. बायकांनी शिकलंच पाहिजे असं दोनच दिवसांपूर्वी मला ऐकवणारा माझा नवरा वरणात मीठ कमी आहे का ते बघत बसला. मला त्याचा असा राग आला की काय सांगू.

"खोटं कसं?" सासूबाई म्हणाल्या. "पाण्यावर नऊ पडत असन तर खरंच बोलली ते. मी पाहून येतो उद्या."

"पाहा. पण नऊ म्हणजे नऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी संत्र्याच्या बगीच्यामागच्या नाल्यावर गेलो. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, पण संत्र्यांच्या ढिगात एक कमी पडलं तरी त्यांना कळायचं. माझ्या डोक्यावर पदर, हातात कोपरापर्यंत चुडा. पहिला दगड सरळ बुडाला. दुसऱ्याच्या दोन पडल्या. तिसऱ्याच्या चार.

"अजून एक मारते," मी म्हणाले.

"राहू दे. भाजी तोडाची हाय."

वाटेत त्यांनी पदरात भाजी तोडून घेतली. मी मागून डोळे पुसत चालत होते. तीन वर्षांची पुस्तकं माहेरी पाठवून द्यावी लागणार, एवढंच डोक्यात होतं.

मामाजी ओसरीवरच बसले होते. "किती?"

"नऊ," सासूबाई म्हणाल्या.

"बरोबर मोजल्या?"

"मले मोजता येते."

मामाजी उठून बगीच्याकडे निघाले. मी स्वयंपाकघरात जाऊन पिठाला हात लावला, तशी सासूबाईंनी परात स्वतःकडे ओढली आणि हळूच म्हणाल्या, "चार तुह्या, पाच माह्या. जाय, पुस्तक घे."