कोरड्या गावातला अळू

मी निघाले तेव्हा चिपळूणच्या अंगणात पायरीपर्यंत शेवाळ आलं होतं. दारात गाडी उभी होती. आई बॅगेत कानटोप्या कोंबत होती आणि बाबा म्हणत होते, "सांभाळून उतर, घसरशील." मग गाडीच्या खिडकीतून डोकं आत घालून त्यांनी विचारलं, "लोकरीचे मोजे घेतलेस ना?" सगळ्यांना माझ्या थंडीची काळजी. कॅनडात कोरडं, जवळजवळ वाळवंटी गावही असतं, जिथे जुलैत माती तव्यासारखी तापते, हे मला कोणी सांगितलं नाही. कोणाला माहीतच नव्हतं.

आधी टोरोंटोजवळ मार्कहॅमला बेसमेंटमध्ये राहिलो, मग कॉन्डोत. तिथे कुंडीत कोथिंबीर येत होती, शेजारी मराठी बोलणारे होते. मग मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ब्रिटिश कोलंबियातल्या कामलूप्स गावी नोकरी मिळाली. "बॅकयार्ड आहे," तो म्हणाला. होतं खरं. पिवळं.

तेव्हापासून दर एक जानेवारीला मी बागेचे गोल्स लिहिते. बाहेर ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करून यायचं, चहा घ्यायचा आणि वही उघडायची. पहिल्या वर्षी लिहिलं होतं: हिरवं लॉन, भेंडी, गुलाब, अळू. हो, अळू. न्हाणीघराच्या सांडपाण्यावर आपोआप माजणारा अळू मी सेजब्रशच्या करड्या, कोरड्या झुडपांच्या टेकड्यांखाली लावणार होते. जूनअखेर लॉन वाळलं, भेंडी वीतभर वाढून थांबली आणि अळूची पानं पापडासारखी झाली. दुसऱ्या वर्षी भिंतीला सावली म्हणून खिडक्यांखाली ज्युनिपरच्या सदाहरित झुडपांची दाट रांग लावली. तीच एक गोष्ट जगली. तिकडे चिपळूणचे म्हणतात, "काय मजा, एवढं ऊन आहे." इकडे टोरोंटोतल्या मैत्रिणी म्हणतात, "जस्ट वॉटर इट, ना."

आई गेली आणि त्यानंतरच्या मे महिन्यात बाबा पहिल्यांदा आले. पाच महिने राहायचं ठरलं होतं. मनात माझं आणखी काही होतं, त्यांना करमलं तर दरवर्षी यावं, जास्त राहावं, पण ते मी बोलले नव्हते. आठवड्यात त्यांनी बाग ताब्यात घेतली. ग्रोसरीतून आणलेले अरवीचे, म्हणजे अळूचेच, कंद लावले, आळी केली आणि भर दुपारी पाइप धरून उभे राहिले.

आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी घालायचेही दिवस ठरलेले असतात. सम नंबरच्या घरांनी सम तारखेला, विषमांनी विषम, तेही सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. माझी मुलगी ईरा दारातून ओरडायची, "आजोबा, इट्स नॉट आवर डे." बाबा हसायचे. "झाडाला तारीख कळते का?" आणि पाणी चालूच.

एका दुपारी म्युनिसिपालिटीचा माणूस येऊन सौम्यपणे समज देऊन गेला. मी कामाच्या कॉलवर होते, तो अर्धवट सोडून बाहेर आले. सगळ्या रस्त्यासमोर मी बाबांना म्हणाले, "तुम्हाला एकदा सांगितलेलं कळत नाही का? हे घर माझं आहे, इथे माझ्या पद्धतीने चालेल." त्यांनी नळ बंद केला, पाइप नीट गुंडाळून ठेवला. जेवताना एवढंच म्हणाले, "माझं तिकीट अलीकडे घेता येतं का, बघ."

मी बघते म्हणाले आणि बघितलं नाही. माफीही मागितली नाही. आठवडाभर ते सोफ्यावर बसून मोबाइलवर चिपळूणच्या बातम्या वाचत राहिले. बाहेर अळू मान टाकत होता. मला त्याचाही राग येत होता.

मग डोंगरापलीकडचं रान पेटलं. आकाश नारिंगी झालं, घशात राख आणि फोनवर सूचना: सामान भरून तयार राहा. मंदार कामासाठी दूर पूर्वेला, विंडसरला गेलेला. मी पासपोर्ट, औषधं गोळा करत होते, तेवढ्यात शेजारच्या डोरीन आल्या, निवृत्त नर्स, सत्तरी ओलांडलेल्या. खिडक्यांखालच्या ज्युनिपरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "दॅट गोज अप लाइक गॅसोलीन, डियर. टेक इट आउट."

हे झुडूप पेट्रोलसारखं पेटतं, असं मी बाबांना सांगायच्या आत ते उठले. "कोयता कुठाय?" कोयता कुठला असणार. गराजमध्ये एक छोटी करवत मिळाली. तोंडाला ओला पंचा बांधून बाबा कापत होते, डोरीन फांद्या ओढत होत्या. ते मराठीत सांगत होते, "इकडून धरा, बाई," आणि त्या बरोबर तिकडूनच धरत होत्या. दोन तासांत भिंत मोकळी झाली. ईराने बॅगेवर बसून मला विचारलं, "आर वी कमिंग बॅक होम?" मी हो म्हणाले. तोपर्यंत त्या पिवळ्या बॅकयार्डच्या घराला मी माझं म्हटलं होतं ते फक्त बाबांवर ओरडताना, मनातून कधीच नाही.

जावं लागलं नाही. चौथ्या दिवशी वारा फिरला. बाबा बाहेरच्या पायरीवर बसले होते, हाताला फोड आले होते. मी मलम लावायला बसले आणि म्हणाले, "बाबा, त्या दिवशी मी फार वाईट बोलले."

"बोललीस," ते म्हणाले. मग मोकळ्या भिंतीकडे बोट दाखवून, "इथे भिंतीपाशी पुन्हा काही लावू नकोस. नुसती खडी टाक." आयुष्यभर वीतभर जागा रिकामी न ठेवलेला माणूस हे सांगत होता. तिकिटाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. ठरल्याप्रमाणे ऑक्टोबरमध्ये गेले.

आणि आता यंदाची एक जानेवारी. मी वही उघडते तोच फोन. बाबांनी राजस्थानातल्या शेतीचे अकरा व्हिडिओ पाठवलेत, मी एकही पाहिला नाही म्हणून रागावलेत. गोल्स माझे, वही माझी, सांगतायत ते. "लिही. लॉन काढून टाकायचं. भाजीचा एकच वाफा, वर गवताचं आच्छादन. मी एप्रिलमध्ये येतोय, तोवर उगाच खणत बसू नकोस." मी म्हणते, अहो, मला लिहू तरी द्या. ते ऐकत नाहीत.

"आणि आपल्याकडे यंदा डोंगरावर बर्फ कमी पडलाय, पाहिलंस का?" चिपळूणच्या ओटीवर बसून ते विचारतात. "उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण होणार."

माझा पेन त्या 'आपल्याकडे'वर थांबला. मग मी खिडकीतून डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो बाबा. आपल्याकडे कमीच आहे यंदा."

"मग, मी काय म्हणतोय," ते म्हणाले, आणि पुढचा मुद्दा सांगू लागले.