हेलिकॉप्टरचं कपाळ

सासूबाई गेल्यावर आमचे सासरे वर्षभर कुरुंदवाडच्या घरात एकटेच राहिले. माझी बायको त्यांची एकुलती एक मुलगी. ती दर रविवारी डबा घेऊन जायची आणि येताना एसटीत रडत यायची. शेवटी तिनं त्यांना कोल्हापूरला आमच्याकडे आणलं. ते आले, पण पिशवी काही उघडेनात. जन्मभर किराणा दुकानात उभा राहिलेला माणूस, तो आता हॉलमधल्या खुर्चीत बसून भिंतीकडं बघत राहायचा आणि चहा झाला की म्हणायचा, "पावणं, उद्याच्या गाडीनं जातो मी." आमच्याकडं जावयाला पावणंच म्हणतात. पण मामा, म्हणजे सासरेबुवा, ते ज्या सुरात म्हणायचे, त्यानं मला मीच त्यांच्या घरी राहायला आल्यासारखं वाटायचं.

"अहो, कसंबी करून अप्पांना थांबवा," बायको म्हणाली. "तिकडं गेलं की जेवत न्हाईत. कशात तरी मन रमवा त्यांचं."

मन रमवण्यासारखी माझ्याकडं एकच वस्तू होती आणि नेमका तिच्यावरच बायकोचा दात होता. ती म्हणजे माझं रिमोटचं हेलिकॉप्टर. त्याला खेळणं म्हटलेलं मला अजूनही खपत नाही. दोन हजार सातच्या आसपासची गोष्ट. हातभर लांबीचं बॅटरीवरचं ते यंत्र मी बेंगळुरूहून कुरिअरनं मागवलं होतं. वर दोन लांब, पांढरीशुभ्र लाकडी पाती. ह्या यंत्राचा स्वभाव असा, की एक भाग चांगला बसवला की शेजारचा भाग गरीब दिसायला लागतो. पाती धरून ठेवणारं प्लॅस्टिकचं डोकं काढून ॲल्युमिनियमचं बसवलं, तर त्याला पेलेल अशा नव्या मोटरी हव्या. त्या आल्या, तर शेपूट डुलायला लागलं. लग्नात नवऱ्याला कोट शिवला की मग सगळ्या वऱ्हाडालाच शिवावा लागतो, तसला प्रकार.

पहिल्या दिवशी मामा खुर्चीतून नुसते बघत होते. दुसऱ्या दिवशी खाली सतरंजीवर येऊन बसले. नंतर एकदा मी ऑफिसातून आलो तर माझे सगळे स्क्रू आकारावारी वेगवेगळ्या वाट्यांत, वर ताटली झाकून ठेवलेले. आमटीच्या वाट्या स्क्रूंना दिल्या म्हणून बायको ओरडली नाही, हे मी लक्षात ठेवलं. गाडीचं नाव त्या दिवशी निघालं नाही.

पण नवं डोकं बसवून आम्ही घरामागच्या माळावर गेलो आणि हेलिकॉप्टर असं थरथरायला लागलं, की मळणीयंत्र बरं. जमीन सोडायच्या आतच मी ते बंद केलं. बेअरिंग बदललं. थरथर वाढली. मधला दांडा बदलला. आणखी वाढली. बेंगळुरूच्या दुकानदाराला मी फोनवर असं काही बोललो, की बायकोनं खिडक्या लावून घेतल्या. म्हशी घेऊन जाणारा एक गवळी रोज थांबून बघायचा. एकदा म्हणाला, "सायेब, ह्ये उडणार हाय का नुस्तं ऊर बडवणार हाय?"

मला राग आला, तो जिरलाही. मामांचं तसं नव्हतं. घरी येताना ते हळू आवाजात म्हणाले, "मी हात लावल्यापास्नं बिघडलंय. माझा पायगुणच बरा न्हाय आता. सोमवारी जातो मी." बायकोनं हे ऐकलं आणि ती पोळी लाटायची थांबली. त्या माणसाला आपण अपशकुनी आहोत असं खरंच वाटत होतं.

शनिवारी मी पाती सोडवली. दोन्ही एकत्र बोल्टमध्ये अडकवून तो बोल्ट स्टीलच्या दोन पेल्यांवर आडवा ठेवला की पाती तराजूसारखी समतोल राहायला हवीत. आधी राहायची. आता एक पातं धाडकन खाली गेलं. उलटून बघितलं तर टोकाशी पांढऱ्यावर पांढरी विभूतीची तीन बोटं, वर चिकटपट्टी, तिच्यावर पुन्हा विभूती, पुन्हा चिकटपट्टी. भिंतीला रंगाचे हात द्यावेत तसे थर.

मी पातं घेऊन तणतणत हॉलमध्ये गेलो. मामांची संध्याकाळची लिंगपूजा नुकतीच झाली होती.

"मामा, हे तुम्ही लावलंय?"

"व्हय. रोज पूजा झाली की लावतो. वाऱ्यानं उडंल म्हणून वर पट्टी."

"रोज?"

"ज्या दिवशी जास्त थरथरलं त्या दिवशी जरा जास्त."

म्हणजे थरथर वाढली की भक्ती वाढत होती आणि भक्ती वाढली की थरथर.

"आणि दुसऱ्या पात्याला का नाही लावलं?"

मामांनी माझ्याकडं नवल वाटून बघितलं. "कपाळ एकच असतंय की."

दारात बायको उभी होती, तिनं डोळ्यांनीच हात जोडले. खरं सांगितलं असतं तर सोमवारची वाटसुद्धा न बघता मामा त्याच रात्री निघाले असते. आणि विभूती पुसायची माझी छाती नव्हती.

"मामा," मी म्हणालो, "ह्याला कपाळं दोन असतात. तुम्ही एकालाच लावली, दुसरं रुसलंय."

मामांनी दुसरं पातं उलटंपालटं करून बघितलं. "मग आधी सांगायचं की," ते म्हणाले आणि विभूतीचा डबा घेऊन पेल्यांपुढं बसले. बोट, पट्टी, बोट, पट्टी. मला पाती सरळ दिसली तरी त्यांचं समाधान होईना. "अजून चिमूटभर," म्हणत त्यांनी गिऱ्हाइकाला साखर तोलून द्यावी तसं ते काम पुरं केलं.

रविवारी हेलिकॉप्टर जमिनीवरून उठलं आणि दोन पुरुष उंचीवर शांत उभं राहिलं. गवळ्याच्या म्हशी पुढं निघून गेल्या तरी तो वरच बघत होता. मामा मात्र त्याच्याखालून, लहान मूल माडीवरून पडेल की काय असे दोन्ही हात पसरून, इकडून तिकडं पळत होते. मी ओरडून बाजूला व्हा म्हणालो, तर मलाच गप बसा म्हणाले.

घरी येताच त्यांनी फोन मागितला आणि कुरुंदवाडच्या धाकट्या भावाशी कन्नडमध्ये, त्यांच्या घरच्या भाषेत, बोलायला लागले. मला कन्नड जेवण झालं का विचारण्यापुरतं येतं. बायकोला चांगलं येतं. ती ऐकता ऐकता खालीच बसली.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"घर भाड्यानं दे म्हणतायत," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. "आणि आईची ट्रंक इकडं पाठव म्हणतायत."

त्या ट्रंकेला जागा हवी म्हणून माझं सुट्या भागांचं कपाट त्याच संध्याकाळी रिकामं करण्यात आलं, मला न विचारता.