सीनियरची खुर्ची

काल बँकेत स्टॅम्पपॅडच्या शाईचा वास आला आणि मी तीस वर्षं मागे, रायपूरच्या आमच्या रेल्वे ऑफिसात पोचले. बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, रिटायर झाले होते. त्यांची खुर्ची माझ्या हक्काची होती, पण माझ्यामागून लागलेल्या त्रिपाठीजींकडे बघत साहेब म्हणाले, "दीदी, त्रिपाठीजी को बैठने दो." मी सरळ जाऊन खुर्चीत बसले. शाईची बोटं टेबलावर रोवली. रागात मराठीच निघाली, "सीनियर मी आहो. काहून उठू?" त्रिपाठीजी आपल्या जुन्या टेबलाकडे वळले.

"आंटी, आप सीनियर हैं, उधर बैठिए," बँकेच्या काउंटरवरची पोट्टी कोपऱ्यातला बाक दाखवत म्हणाली. ज्या शब्दानं खुर्ची मिळवली, तोच आता मला रांगेतून काढत होता.

पुन्हा मराठीच निघाली. "हव, सीनियर आहो. तेव्हा उठली नाही, आता बसत नाही."