साहेबबाबाचा जन्म

इतिहास शिकवणाऱ्या माणसानं स्वतःचा इतिहास कोणाले इचारू नये. मी इचारू दिला, तोही अमरावतीले, भरल्या सभागृहात, माइक लावून. चहा घ्या, सांगतो.

मी अकोटचा. माझी माय तिथल्या एका जिनिंगात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाले होती. शाळा सुटली का मी दप्तर घेऊन फाटकाशी तिची वाट पाहत बसो. कापसाच्या बैलगाड्या पार रस्त्यापर्यंत लागलेल्या असत. माय बाहेर आली का केसात, पापण्यांवर नुसता कापूस. तो वास आजही कुठं आला तं मले भरून येते.

जिनिंग कधीची बंद पडली. मागच्या दिवाळीत सहज तिकडं गेलो, तं फाटकाच्या भिंतीशी शेंदूर फासलेला देव. नारळ, अगरबत्ती, सगळं. लोक म्हणे, हा साहेबबाबा. शेंदराचा एक टवका उडाला होता, अन् खाली दिसली इंग्रजी अक्षरं. म्हणजे हे इंग्रजाच्या काळचं, कापसाच्या काट्याचं लोखंडी वजन!

माझं डोकंच फिरलं, भाऊ. ज्या वजनानं आपला कापूस मोजून विलायतेले नेला, त्याचाच लोकांनी देव केला? साम्राज्य, भांडवलशाही अन् लोकदैवत, तिन्ही एकाच नारळात!

फाटकासमोर कमलामावशीचं चहाचं दुकान हाये. मायसोबत जिनिंगात होती ती. तिले इचारलं, "मावशी, हा देव जुना हाये का?"

"लय जुना. तू लहान होता तवाचा."

"साहेबाचा हाये म्हणते?"

"वजन साहेबाचंच होय बापा. साखर किती टाकू?"

बस. एवढ्यावर मी चाळीस पानं लिहिली. हा देव बसवला काहून, हे काही मी इचारलं नाई. प्राध्यापक माणूस, उत्तर माझ्यापाशी आधीच तयार होतं.

आता माझी बाजू बी समजून घ्या. तीस वर्षं पोट्ट्यांनी माझ्या तासाले झोपा काढल्या. रिटायर व्हायले चार महिने उरले होते. एकदा तरी लोकांनी म्हणावं, का या माणसानं काही शोधून काढलं, एवढीच हौस. भाषण ठरलं, पुण्याहून एक अभ्यासक बाई आल्या. पुरावा म्हणून मी मावशीले एस.टी.नं आणलं अन् पहिल्या रांगेत बसवलं.

तासभर बोललो. एकही माणूस झोपला नाई. मले आठवत काही नवतं, पण देव तवाचा म्हणून जोरात येऊन मी हेही सांगतलं, का लहानपणी मी स्वतः या देवाले हात जोडले हायेत. टाळ्या पडल्या.

मंग पुण्याच्या बाई उठल्या. "आजी, हा देव कोणी बसवला?"

मावशीनं माइक दोन्ही हातानं धरला. "म्या अन् याच्या मायनं."

बाई वहीत लिहू लागल्या.

"पण कशासाठी?"

"याच्यासाठी. हा पोट्टा रोज शाळेतून येये अन् त्या भिंतीवर मुते. मुकादम ती भिंत याच्या मायले धुवायले लावे. दिवसभर कापसात उभं राहून वरून हे. मंग आमी दोघींनं काट्याचं मोडकं वजन आणलं अन् शेंदूर फासला."

"मग सर थांबले का?"

"थांबला नं. रोज देवाले हात जोडे अन् पलीकडच्या भिंतीकडं जाये."

सगळे पोट धरून हसले. मी बी हसलो, पण डोळे भरून आले. माय मले त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाई. मुकादमाले, जिचं वजन उचललं त्या कंपनीले अन् मले, तिघांलेही तिनं चिमूटभर शेंदरात गप्प केलं होतं. अन् माझ्या चाळीस पानांत तिचं नाव सुद्धा नवतं.

कार्यक्रम संपल्यावर पुण्याच्या बाई मुद्दाम भेटायले आल्या. मले वाटलं, आता धीर देतील. त्यांनी शांतपणे वही उघडली अन् इचारलं, "सर, ती पलीकडची भिंत अजून आहे का? तिथं कोणता देव आहे?"