उदगीर जिल्हा होणार म्हणून घेतलेलं मशीन

आमचं उदगीर त्या वर्षी जिल्हा होणार होतं. तसं ते आदल्या वर्षीही होणार होतं आणि माझे वडील लाकडाच्या अड्ड्यावर हमाली करायचे तेव्हाही होणारच होतं. पण या वर्षीचं होणं वेगळं आहे, पंधरा ऑगस्टला घोषणा नक्की, असं सगळ्या गावाचं मत पडलं. स्टेशनकडच्या एका हॉटेलवाल्याने पाटीवरचं 'ता. उदगीर' खोडून 'जि. उदगीर' रंगवून घेतलं. आमच्या गल्लीतल्या निवृत्त तलाठ्यांनी घरावर एक खोली चढवली, कारण जिल्हा झाला की साहेब लोक भाड्याने घर शोधत येणार. वरती त्यांनी इंग्रजी पद्धतीचा संडास बसवला आणि त्यात ओतायला पाणी नव्हतं म्हणून त्याला कुलूप लावलं.

मी ड्रम सँडर घेतला.

माझा विचार सरळ होता. जिल्हा म्हणजे कचेऱ्या, आणि कचेरी म्हणजे टेबल. साहेब जितका मोठा तितका टेबलाचा माथा रुंद. रुंद माथा हाताने घासायचा तर माणसाचा खांदा जातो आणि तरी उजेडात बघितलं की लाटा दिसतात. मी आयटीआय केलेला सुतार. हैदराबादला एका मोठ्या कारखान्यात हे मशीन बघितलं आणि त्याच्यासमोरून हललोच नाही. एक आडवा रूळ, त्यालाच ड्रम म्हणतात, त्यावर पॉलिश पेपर गुंडाळलेला, खाली सरकता पट्टा. या बाजूने खडबडीत फळी घाला, त्या बाजूने गुळगुळीत बाहेर येते.

घरी येऊन बायकोला समजावलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, "म्हंजे पापडाचं मशीन."

"पापडाचं न्हाई. लाकडाचं."

"तेच की. लाकडाचे पापड."

माझा निर्णय पक्का केला तो भावी साहेबांनी. हे आमच्या गल्लीतले कार्यकर्ते. त्यांच्या प्रत्येक बॅनरवर नावाच्या आधी 'भावी' असायचं. कधी भावी नगरसेवक, कधी भावी सभापती, एकदा तर पेंटर विसरला म्हणून नुसतंच 'भावी'. त्यामुळे गल्ली त्यांना भावी साहेब म्हणायची आणि त्यांनाही ते चालायचं. ते दुकानात आले, खुर्चीवर बसले, मांडीवर थाप मारली.

"मिस्त्री, मशीन घ्या. कलेक्टर कचेरीचं फर्निचर तुमच्याकडंच. माझा शब्द हाय."

"पण साहेब, जिल्हा..."

"जिल्हा झाला समजा. फक्त जाहीर व्हायचा राहिलाय."

दुकानात माझ्यासोबत एकच माणूस होता, पॉलिश करणारे चाचा. माझ्याआधी ते माझ्या उस्तादांकडे होते. आयुष्यभर त्यांनी लाकूड घासलं. मशीनचं ऐकून त्यांनी हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला. "अच्छा है," म्हणाले, "अब हम घर बैठके मक्खियाँ घासते." आणि खरंच डबा उचलून घरी गेले.

मशीन आलं ते उन्हाळ्यात. त्या उन्हाळ्यात गावात पाण्याशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. नळ कोरडे, बोअर कोरडे, टँकर येईल तेव्हा येईल. दारादारात निळे प्लास्टिकचे ड्रम उभे. ज्याच्या दारात ड्रम जास्त तो श्रीमंत. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे आधी ड्रमांकडे बघायचे, मग मुलीकडे. बाजारात ड्रम मिळेनासे झाले होते.

अशा दिवसांत हैदराबादचा लॉरीवाला चौकात थांबला आणि त्याने तेलुगू वळणाच्या हिंदीत विचारलं, "वो ड्रमवाला दुकान किधर है?"

बस. लॉरी माझ्या दुकानाशी पोचायच्या आधी तिच्यामागे अर्धा चौक चालत आला होता. कुणी म्हणालं सरकारने ड्रम पाठवले, कुणी म्हणालं एका घराला एकच देणार. मी लॉरीवरून खोकं उतरवायला माणसं शोधत होतो, तर समोर रांग! बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. खोकं उतरवायला एवढे हात आले की मला बोटही लावावं लागलं नाही.

तेवढ्यात भावी साहेब आले. रांग बघितली आणि काय चाललंय हे न विचारता दुकानाच्या पायरीवर चढले. रांग दिसली की पुढे उभं राहायचं, हा त्यांचा स्वभाव. कुणीतरी नारळ दिला, तो त्यांनी खोक्यावर फोडला. नारळाचं पाणी रस्त्यावर सांडताना रांगेतून हळहळ ऐकू आली.

"माता-भगिनींनो," ते म्हणाले, "मी शब्द दिला होता, तुमच्या दारात ड्रम आणीन. आज ते ड्रम आलेत!"

मी त्यांच्या कानाशी लागलो. "साहेब, हे घासायचं मशीन हाय."

त्यांनी हसू तसंच ठेवलं आणि दातांतून विचारलं, "ड्रम किती हायेत?"

"एक. त्योबी आडवा. मशीनच्या आत."

मी खोकं उघडलं. पुढच्या बाईने वाकून बघितलं, रूळावर बोट फिरवलं आणि चटकन मागे घेतलं. "ह्यात पाणी किती मावतं रे भाऊ?"

"पाणी न्हाई मावत, मावशी. लाकूड जातं ह्यातून."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आन् त्ये कशाला?"

मी भावी साहेबांकडे बघितलं. उत्तर त्यांच्याकडे होतं. त्यांनी एक श्वास घेतला आणि त्याच आवाजात, त्याच हातवाऱ्यांनी, भाषण उद्योगाकडे वळवलं. उद्या जिल्हा होतोय, जिल्ह्याला उद्योग लागतो, तो उद्योग आपल्या गल्लीत आला. टाळ्या दोन-चारच पडल्या. रांग मोडली. जाताना एकजण म्हणाला, "नारळ तरी वाटा." तो मात्र वाटला.

मशीन सुरू करणं हा निराळा सोहळा. वीज यायची तीसुद्धा अर्धपोटी. पहिली सागाची फळी घालताना मी हौसेने रूळ जरा जास्तच खाली घेतला. मशीन गुरगुरलं, अडलं, जळका वास आला आणि गल्लीतली वीज गेली. फळी बाहेर काढली तर तिच्यावर काळे पट्टे. सागवानाचा झेब्रा झाला होता.

चाचा तिसऱ्या दिवशी आले. माझ्यासाठी नव्हे, त्यांचा चष्मा दुकानात राहिला होता. फळी भिंतीला टेकवलेली होती. तिच्याकडे बघून म्हणाले, "रोटी तवे पे भूल गए क्या, सेठ?"

मी मशीनसोबत आलेली पुस्तिका उघडली. तिच्यात लिहिलं होतं, एका वेळी अगदी थोडं घासायचं, केसाएवढं. मी रूळ वर घेतला आणि पुन्हा फळी घातली. पुन्हा घातली. पुन्हा. पट्टे फिकट होत गेले आणि सागाच्या रेषा वर आल्या. शेवटच्या खेपेला चाचांनी फळी पलीकडून धरली, तळहात फिरवला, उजेडाकडे तिरकी धरली. लाट शोधत होते. सापडली नाही. त्यांनी चष्मा खिशात टाकला आणि सोबत आणलेला डबा खुंटीला अडकवला. त्या दिवसानंतर मशीनला हात लावायचा तर मला त्यांची परवानगी लागायची.

पण मशीनने धूळ फार केली. धूळ खेचायचं वेगळं यंत्र असतं, ते मी घेतलं नव्हतं. मशीनच्या मागे धोतर बांधून पिशवी केली होती, तिच्यातून पिठासारखी धूळ गाळून बाहेर यायची आणि वारा ती गल्लीभर न्यायचा. गल्लीत काय होतं? उघडे ड्रम. एरवी पाण्यावर धूळ बसली तर माणूस ओतून देतो. त्या उन्हाळ्यात पाणी ओतून देणाऱ्याला गल्लीने गावाबाहेर काढलं असतं.

समोरच्या काकू, म्हणजे निवृत्त तलाठ्यांच्या मंडळी, कप घेऊनच आल्या. कप माझ्या टेबलावर ठेवला. चहावर तपकिरी साय होती.

"पी," म्हणाल्या.

"काकू..."

"पी की. आठ दिवस झाले आमी तुझ्या सागवानाचा चहा पिऊन ऱ्हायलो. ह्यांचं पोट इतकं गुळगुळीत झालंय, आतलं काहीच थांबंना. वरच्या संडासाचं कुलूप काढावं लागलं."

मी कप उचलला, कारण दुसरा इलाज नव्हता. चव वाईट नव्हती. आंब्याची फळी असती तर कदाचित बरी लागली असती.

मशीन बंद करायचं की गल्ली सोडायची, असा प्रश्न होता. चाचांनी तो सोडवला नाही, मीही सोडवला नाही. बायकोने सोडवला. म्हणाली, "ड्रमाला झाकणं करा. तुमची धूळ, तुमचं झाकण."

पहिलं झाकण मी मशीन ज्या खोक्यातून आलं त्याच्याच फळ्यांचं केलं. फळ्या जोडल्या, सँडरमधून काढल्या, गोल कापलं, मधे मूठ बसवली. काकूंच्या ड्रमावर ते असं बसलं की जणू ड्रम आणि झाकण एकाच आईच्या पोटचे. दुसऱ्या दिवशी गल्लीतली सगळी घरं दारात. गल्लीची झाकणं मी फुकटच दिली, पण ती बघून पुढच्या गल्ल्या आल्या, मग कंधारकडचा एक पाहुणा आला. आंब्याच्या, कडुलिंबाच्या, बाभळीच्या फळ्या त्या मशीनमधून गेल्या. पाण्याची लूट होत होती, म्हणून लोक झाकणाला कोयंडा मागू लागले. सोनं कपाटात, कपाट उघडं, आणि पाण्याला कुलूप. भावी साहेबांनीही घाऊक झाकणं नेली आणि त्यांवर स्वतःचा हसरा फोटो चिकटवून वाटली. तहान लागली की माणूस आधी त्यांना बाजूला करी, मग पाणी पिई. पुढे पुढे फोटोवर पेले ठेवून ठेवून त्यांच्या चेहऱ्यावर गोल वळ उठले.

त्याच दिवसांत चाचांचं एक काम झालं, जे कुठल्याच कार्यकर्त्याकडून झालं नव्हतं. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं होतं. चाचांचा अंगठा त्यावर उठायचाच नाही. आयुष्यभर लाकूड घासून बोटं एवढी गुळगुळीत झाली होती की मशीन म्हणायचं, हा माणूस नाही. दर महिन्याला ते रांगेत उभे राहायचे, अंगठा पुसायचे, पुन्हा लावायचे, आणि मागचे लोक "चाचा, साइड" म्हणायचे. शेवटी सुनेचा अंगठा लावून धान्य यायचं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण सुनेपुढे जेवताना मान खाली घालायचे, हे मी एकदा पाहिलं होतं.

ड्रम सँडर आल्यापासून त्यांच्या बोटांना सुट्टी मिळाली. एके सकाळी ते धान्याची पिशवी खांद्यावर घेऊन घरी न जाता थेट दुकानात आले. माझ्या डोळ्यांसमोर अंगठा धरला.

"उठ्या!" म्हणाले. "एकदम में उठ्या, सेठ. मशीन में से औरत बोली, शुक्रिया बोली मेरे कू."

मी अंगठा हातात घेऊन बघितला. बारीक, कोवळ्या रेषा आल्या होत्या, ताज्या रंधा मारलेल्या लाकडावर दिसतात तशा. आम्ही दोघं हसायला लागलो. चाचांचं हसणं लवकर थांबलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि मशीनवरची धूळ झटकत बसले, जी तिथे नव्हतीच.

पंधरा ऑगस्ट आला. पाऊस आला नव्हता. स्टेशनकडच्या त्याच हॉटेलात टीव्हीसमोर गाव जमलं. मी आदल्या आठवड्यात सागाचं एक मोठं टेबल नमुना म्हणून करून ठेवलं होतं, कलेक्टरच्या मापाचं. एवढं रुंद की पलीकडच्या माणसाचं गाऱ्हाणं साहेबापर्यंत पोचू नये. भाषण झालं, झेंडा झाला, गाणं लागलं. जिल्ह्याचं नाव निघालं नाही. बराच वेळ कुणी उठेना, कारण उठलं की ते खरं झालं असतं. मग हॉटेलवाला पुटपुटला, "पाटीला रंग लई लागला," आणि टीव्ही बंद केला.

भावी साहेब मात्र ताजेतवाने होते. "सव्वीस जानेवारी," ते म्हणाले. "वरून शब्द हाय."

तलाठ्यांच्या वरच्या खोलीत काही दिवसांनी कबुतरं राहायला आली. माझं टेबल दुकानात जागा अडवून उभं होतं. आमच्या वस्तीतल्या विहाराची अभ्यासिका होती, तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली जमिनीवर बसून वाचायची. मी टेबल तिकडे पोचवलं. दारातून मावेना, चौकट काढावी लागली. आता त्याच्याभोवती कलेक्टर व्हायला निघालेले कितीतरी जण कोपराला कोपर लावून बसतात. एकाचं पुस्तक दुसऱ्याच्या पुस्तकावर येतं, आणि ज्याचा दिवा त्याचं राज्य.

मग परतीचा पाऊस पडला, चांगला पडला. झाकणांची गरज संपली. बायकांनी त्यांवर पापड वाळत घातले, आणि बायकोने त्याबद्दल माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. मशीनवर आता पोळपाट, देव्हाऱ्याचे पाट, शाळेचे बाक निघतात. चालतं बरं.

मागच्या दिवाळीच्या आधी अहमदपूरचा एक सुतार आला, माझ्याहून तरुण. एसटीने आला होता, काखेत फळी होती. त्याने मशीनभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पट्टा बघितला.

"विकायचंय का?" त्याने विचारलं.

"का हो?"

तो जरा जवळ आला. "तुमच्या गावाचं काय आता होत न्हाई. जिल्हा आमच्याकडं होणार. एकदम पक्की बातमी हाय. कचेऱ्या येणार, टेबलं लागणार."

मी चाचांकडे बघितलं. चाचा छताकडे बघू लागले. त्याला काही सांगावं असं मनात आलं, पण त्याच्या तोंडावरचा उजेड बघितला. मी चहा मागवला.

"विकायचं न्हाई," मी म्हणालो. "पण तुमची फळी घाला की."

चाचांनी रूळ केसाएवढा खाली घेतला आणि बटण दाबलं. त्याने फळी पट्ट्यावर ठेवली आणि पलीकडे धावत गेला, ती बाहेर येताना धरायला.